कलब्याचे दिल्लीतले वकील

शारजात भारत जिंकला की आख्खं लक्ष्मीबाई नगर फटाके उडवायचं आणि आमच्या सरांचं तोंड उतरायचं. देशप्रेमात माणूस कुठं कमी नव्हता. पंधरा ऑगस्टला पहाटे आंघोळ करून टीव्हीसमोर ताठ बसायचे, राष्ट्रगीत लागलं की घरातल्या सगळ्यांना उभं करायचे, त्यातून दारात आलेला दूधवालासुद्धा सुटायचा नाही. पण शारजानं कलबा गिळला होता, आणि ज्यांनी कलबा गिळला त्यांच्या मैदानावर कोणी का जिंकेना, टाळी वाजवायला सर तयार नव्हते. मॅच लागली की टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायचे. मध्येच न राहवून विचारायचे, "किती झाले?" आकडा सांगितला की म्हणायचे, "अच्छा. होऊ देत," आणि पुन्हा खडे शोधायला लागायचे.

कलबा कुठं आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल तर मनाला लावून घेऊ नका. माझ्या ओळखीत ते ठाऊक असलेला एकच माणूस होता आणि मी त्याची विद्यार्थिनी. अरबस्तानाच्या पूर्व टोकाला, ओमानच्या आखाताला लागून, खजुराच्या बागा, एक खाडी, एक किल्ला आणि थोडी मच्छीमार वस्ती असं ते चिमुकलं शेखराज्य. इंग्रजांच्या संरक्षणाखालचं. संरक्षण म्हणजे काय, तर शेखानं आपल्या गावात काय हवं ते करावं, पण इंग्रज सोडून दुसऱ्या कुठल्या राज्याशी बोलू नये, पत्र लिहू नये, जमिनीचा तुकडा देऊ नये. बदल्यात इंग्रज त्याला सांभाळणार. गंमत म्हणजे हे सांभाळणं बरीच वर्षं हिंदुस्थान सरकारकडेच होतं. त्या किनाऱ्यावर आपला रुपया चालायचा, आणि तिथल्या शेखांची भांडणं कागदावरून फिरत फिरत इथं दिल्लीला नाहीतर सिमल्याला यायची. "आपण स्वतः गुलाम," सर म्हणायचे, "आणि आपल्याच ऑफिसातून दुसऱ्यांवर राज्य चाललेलं. हे कोणी शिकवलं का तुम्हाला शाळेत?" कोणी शिकवलं नव्हतं.

पेशवाईत दरबारोदरबारी वकील नेमलेले असायचे, आपल्या धन्याची बाजू मांडायला. सर हे कलब्याचे तसे दिल्लीतले वकील होते. फरक एवढाच की कलब्याला याचा पत्ता नव्हता, आणि कलब्याचं राज्य बुडूनही चाळीसएक वर्षं होऊन गेली होती.

मी वाशीमकडची. बी.ए. होऊन आयएएसच्या परीक्षेसाठी दिल्लीला आले ती नव्वदीतली सुरुवातीची वर्षं. गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ उघडत होते, परदेशी कोल्ड्रिंकचे फलक लागत होते, आणि पेपरात रोज पानभर जाहिराती यायच्या की गुडगावला या, मोकळ्या हवेत राहा. मुलीनं एकटीनं येणं आमच्याकडे शक्यच नव्हतं. लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टरमध्ये माझा सख्खा मामा राहायचा, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता. त्याच्या भरवशावर बाबांनी पाठवलं.

मामा माणूस लाखाचा. मला ताप आला तर ऑफिस बुडवून उशाशी बसायचा, हिवाळ्यात माझ्यासाठी स्वतः जाऊन रजई भरून आणायचा. पण "तू माझी जबाबदारी आहेस" हे त्याचं वाक्य मी उठता बसता ऐकायचे. सहाच्या आत घरी. मैत्रिणींनी आपल्याकडे यावं, आपण त्यांच्याकडे जायचं नाही. घरी फोन करायचा तर तो शेजारी उभा. आणि परीक्षेत नाही जमलं तर परत वाशीम, आणि परत म्हणजे लग्न, हे मी निघायच्या आधीच ठरलेलं. सरांकडे जायला परवानगी मिळाली ती केवळ त्यांचं क्वार्टर समोरच्याच ब्लॉकमध्ये होतं म्हणून. मी पोचले की नाही ते मामीला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं.

सरांचा क्लास त्यांच्या झाकून घेतलेल्या बाल्कनीत भरायचा. बहुतेक पोरं मुनिरकाला खोल्या करून राहणारी, बीडची, लातूरची, चंद्रपूरची. फी नव्हती. फी विचारली की सर म्हणायचे, "खजूर आणा." मग आम्ही कधी करोल बागेतून, कधी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून खजूर आणायचो आणि ते सगळे आम्हीच खायचो. विषय आधुनिक भारताचा इतिहास, पण सरांचा प्रत्येक रस्ता कलब्यावरून जायचा. सत्तावनचं बंड सुरू व्हायचं, आणि मेरठहून शिपाई दिल्लीला पोचायच्या आत आम्ही कलब्याच्या खाडीत उतरलेलो असायचो. लातूरचा एकजण एकदा वैतागून म्हणाला, "सर, हे सिलॅबसमध्ये नाहीये यार." बोलून बसला आणि 'यार'साठी जीभ चावली. सर शांतपणे म्हणाले, "कलबा कोणाच्याच सिलॅबसमध्ये नाही. म्हणून तर सांगतोय. बाकीचं तुला गाइडमध्ये मिळेल." तरी खोटं कशाला बोलू, संरक्षण, मांडलिक संस्थानं, तैनाती फौज हे सगळं माझ्या डोक्यात जे पक्कं बसलं ते कलब्यामुळेच. एका लहानशा शेखाची अडचण कळली की निजामाची कळायला वेळ लागत नाही.

बीडची एक मुलगी होती, आडनाव शेख. ती दारात आली की सर टेबलावर मुठीनं तीनदा ठोकायचे. इंग्रज त्या किनाऱ्यावरच्या लहान शेखांना तीन तोफांची सलामी द्यायचे म्हणे. पहिल्या दिवशी ती बिचारी घाबरून चपला घालून परत निघाली होती. पुढं पुढं इतकी सवय झाली की एकदा सरांना पडसं होतं, ते विसरले, तर ही दारातच उभी. "सर, तोफा," म्हणाली. सरांनी रुमाल खाली ठेवून तीन तोफा सोडल्या, मग ती आत आली.

कॉफीचं प्रकरण वेगळंच. महिन्यातून एखाद्या रविवारी सर अरबी पद्धतीची कॉफी करायचे. बिनसाखरेची, वेलदोड्याची, कडू जहर. औषधाच्या मापाएवढे बिनकानाचे पेले होते त्यांच्याकडे. मला पहिल्यांदा दिली तेव्हा मी तोंड वाकडं न करता संपवली, सरांनी पुन्हा भरला. तो संपवला, पुन्हा भरला. मी म्हटलं, "पुरे सर." भरला. पेल्यावर हात ठेवला, तर हात बाजूला होईस्तोवर सर सुरई घेऊन उभे. आपल्याकडे पुरे म्हटलं की वाढणारा आणखी वाढतोच, तेव्हा मला वाटलं हा आग्रह चाललाय. शेवटी शेखनं कानात सांगितलं, "पेला हलव गं, नुसता हलव." तिकडची रीत अशी की नको असेल तर रिकामा पेला मनगटातून हलवून द्यायचा, तोंडानं काही बोलायचं नाही. हलवला तेव्हा कुठं सुटका झाली. छातीत धडधड घेऊन घरी गेले. मामी म्हणाली, "अभ्यासाचं इतकं टेन्शन नको घेऊ."

सरांच्या घरात कमावत्या त्यांच्या बाई. त्या एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी, क्वार्टर त्यांच्या नावावर. सर पूर्वी सरकारच्या जुन्या कागदपत्रांच्या खात्यात होते, मुदतीआधीच नोकरी सोडलेली. ते आल्यागेल्याला सांगायचे, "मी या घरातलं संरक्षित संस्थान आहे. माझे परराष्ट्र व्यवहार बाईंकडे." बाई आतून म्हणायच्या, "मग संस्थानाला सांगा, गॅसचा नंबर लावायला गेलं नाही संस्थान." बाईंना कलबा आवडायचा नाही आणि नावडायचाही नाही. घरात एखादा म्हातारा नातेवाईक असावा तसं त्यांनी त्याला ठेवून घेतलं होतं.

एवढं एका कलब्याचं खूळ आलं कुठून, हे मी एकदा विचारलं. सर म्हणाले, खात्यात असताना एका वर्षी त्यांच्यावर आखाताकडचे जुने कागद लावायचं काम आलं. मोठ्या राज्यांबद्दल विचारणारे लोक यायचे, दुबईबद्दल, कुवेतबद्दल, तेल निघालेल्या सगळ्यांबद्दल. कलब्याबद्दल विचारायला कधी कोणी आलं नाही. "तिथं तेल नव्हतं, मोती आटोपले होते, आणि राज्यही उरलं नव्हतं. मला वाटलं, एक माणूस तरी पाहिजे की नाही. मग मी झालो." इतकंच कारण. त्यावर पुस्तक लिहा म्हटलं तर म्हणायचे, लिहिलं की कपाटात जाईल, तुम्हाला सांगितलं तर वाशीमला जाईल, बीडला जाईल.

आता सरांचा लाडका सिद्धांत सांगते, कारण पुढं तो लागणार आहे. कलबा आधी शारजाच्याच घराण्याच्या एका शाखेकडे होता, इंग्रज त्याला वेगळं राज्य मानत नव्हते. कित्येक वर्षं तिथला शेख आपलं वेगळेपण मागत होता आणि त्याला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. मग विमानं आली. लंडनहून कराचीकडे जाणारी विमानं शारजाला उतरायची, पण अडीअडचणीला आणखी एखादी जागा हवी होती. कलब्यात डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये सपाट जमिनीचा पट्टा होता. झालं. शेख म्हणाला, उतरा की, पण आधी मला राजा म्हणा. आणि म्हणावं लागलं. ना फौज, ना पैसा, नुसती सपाट जमीन. "लहान माणसाजवळसुद्धा मोठ्याला हवी अशी एक गोष्ट असते," सर सांगायचे. "ती ओळखायची. आणि लवकर वापरायची, कारण विमानं सुधारतात." हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. पंधराएक वर्षांत कलब्याची गरज सरली, गादीवर आलेला पुढचा शेख मारला गेला, भाऊबंदकी झाली, आणि राज्य पुन्हा शारजात गेलं.

सिद्धांत नुसता बोलण्यापुरता नव्हता. बाई रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून ती दोघं गुडगावला एका नव्या सोसायटीत गेली. एका बाजूला सरसोंचं शेत, एका बाजूला खड्डे, मध्ये तीन टॉवर. पाणी टँकरचं, वीज जनरेटरची. बिल्डरनं सगळ्यांपुढं एक करारनामा ठेवला: देखभाल आम्हीच करणार, तुम्ही दुसऱ्या कुठल्या कंत्राटदाराशी बोलायचं नाही, सरकारी ऑफिसात तक्रार न्यायची तर आमच्यामार्फत. सर भर मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "ये तो वही काग़ज़ है." बिल्डरचा माणूस गोड हसून म्हणाला, "अंकलजी, हम तो आपकी सेवा के लिए बैठे हैं." सर म्हणाले, "हाँ बेटा, वो भी यही कहते थे." वो म्हणजे कोण, असं कोणीतरी विचारायची चूक केली. पुढं तासभर कलबा. निम्मे लोक जेवायला निघून गेले, उरलेल्या निम्म्यांनी सरांना सेक्रेटरी केलं.

आणि काही वर्षांनी मोबाइल कंपनीला त्यांच्या टॉवरची गच्ची हवी झाली, अँटेना बसवायला. त्यासाठी बिल्डरला रहिवाशांची सही पाहिजे होती. सरांनी मला ऑफिसात फोन केला, आवाज थरथरत होता. मला वाटलं बाईंना काही झालं. म्हणाले, "अगं, गच्ची सपाट आहे." सही दिली ती नळाला पाणी आल्यावरच. त्या सोसायटीत आजही पाणी येतं आणि ते कलब्यामुळे येतं, हे तिथल्या कोणालाही ठाऊक नाही.

सर गेले तेही गुडगावलाच, झोपेत. मी पोचले तेव्हा बाई म्हणाल्या, "काल मॅच होती शारजाची. पाठ करूनच बसले होते." आणि मग त्या आणि मी दोघीही हसलो, आणि हसता हसता रडलो.

इथवर सगळं हसत सांगितलं. पण त्या माणसाचे माझ्यावर जे उपकार आहेत ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत, तेव्हा आता तेवढं नीट सांगते.

पहिल्या खेपेला माझी पूर्वपरीक्षाच गेली. मामानं वाशीमला फोन केला. दिवाळीनंतर मला परत न्यायचं ठरलं, अकोल्याचं एक स्थळही काढून ठेवलं होतं बाबांनी. मुलगा बँकेत. मला आणखी एकदा परीक्षा द्यायची होती, आणि मामाच्या बैठकीच्या खोलीत, पाहुण्यांच्या राबत्यात, तो अभ्यास होत नव्हता हेही मला कळून चुकलं होतं. मुनिरकाला शेख आणि तिची मैत्रीण राहत होत्या, त्यांच्या खोलीत तिसरी खाट रिकामी होती. बाबांना विचारलं. ते म्हणाले, मामा हो म्हणत असेल तर माझी ना नाही. मामा नाही म्हणाला. म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य मामाच्या एका होकारावर अडलं होतं.

क्लास सुटल्यावर मी मागं राहिले आणि सरांना सांगितलं, "सर, दिवाळीनंतर मी जातेय."

"जातेयस की पाठवतायत?"

मी सगळं सांगितलं. सर खजुराची बी हातात फिरवत ऐकत होते. मग विचारलं, "मामा वाईट वागतात का तुझ्याशी?"

"नाही ना सर. तेच तर आहे."

"हं. संरक्षक चांगला असला की जास्त अवघड," सर म्हणाले. "वाईट असला तर भांडता तरी येतं. बरं, तुझ्याकडे सपाट जमीन काय आहे?"

"काही नाही सर."

"असते. चार दिवस विचार कर."

मी चार दिवस विचार केला. रात्री छताकडे बघत मनातल्या मनात स्वतःला उलटंपालटं करून पाहिलं. मामाला हवं असं माझ्याकडे काहीही सापडलं नाही. तसं जाऊन सांगितलं. सर म्हणाले, "चलो, मग मी येतो."

रविवारी दुपारी चारला सर आमच्याकडे आले. बंद गळ्याचा कोट घातला होता, नोव्हेंबरचं ऊन असताना. हातात खजुराचा डबा. मामा गडबडून उभा राहिला, कारण सरांच्या बाई त्याच्याहून वरच्या हुद्द्यावर. मामीनं कपबशी बाहेर काढली, चिवडा काढला, आल्याचा चहा ठेवला. मी आणि मामाची दहावीतली मुलगी चिंगी, दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

मामीनं चहा आणून दिला. सरांनी कपबशी घेतली, समोरच्या टीपॉयवर ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

"घ्या ना साहेब," मामा म्हणाला.

"घेईन. बिल्कुल घेईन. आधी एक काम होतं."

"बोला ना."

"तुमच्या भाचीला एक वर्ष मुनिरकाला राहू द्या. परीक्षा होईपर्यंत."

मामाचा चेहरा पडला. म्हणाला, "साहेब, तुम्ही मोठे आहात, पण ते काही होणार नाही. उद्या काही कमीजास्त झालं तर भाऊजींना काय तोंड दाखवू मी? चहा घ्या, गार होतोय."

"घेईन," सर म्हणाले, आणि कपाला हात लावला नाही.

मला घाम फुटला. कारण मला ही रीत ठाऊक होती, सरांनीच मागच्या महिन्यात सांगितली होती. अरबांच्यात कोणी मोठं मागणं घेऊन आला की यजमानानं दिलेली कॉफी तो समोर खाली ठेवतो. मागणं मान्य होईस्तोवर पीत नाही. आणि दारी आलेला माणूस न पिता उठून गेला तर ती यजमानाची नाचक्की, म्हणून यजमान म्हणतो, पी, तुझं काम झालं. पण हे वाळवंटात. लक्ष्मीबाई नगरातल्या सेक्शन ऑफिसरला यातलं काय कळणार? मामाला वाटलं, सरांना शुगर असेल. त्यानं मामीला खूण केली. मामी बिनसाखरेचा करून घेऊन आली. सरांनी तोही आदरानं घेतला आणि पहिल्या कपाशेजारी ठेवला.

मग मामा ऑफिसचं बोलला, डीएचं बोलला, गुडगावच्या प्लॉटचे भाव कसे चढतायत ते बोलला. सर प्रत्येक गोष्टीला नीट उत्तर देत होते, आणि चहा घ्या म्हटलं की "घेईन, काम झालं की घेईन" म्हणत होते. दोन्ही कपांवर साय धरली. मामा हळूहळू चिडायला लागला. चिडून ओरडावं तर समोर पाहुणा, तोही मान खाली घालून बसलेला, एक शब्द वावगा न बोलणारा.

मामी मात्र स्वयंपाकघरात अस्वस्थ झाली. तिच्या हातचा चहा कोणी टाकला नव्हता कधी. मला हळूच म्हणाली, "का गं, आलं जास्त झालं का?" मी तिला ती रीत सांगितली. तिनं ऐकून घेतलं. गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि बाहेर जाऊन मामाच्या खुर्चीमागं उभी राहिली. पाहुण्यांसमोर मामी मामाच्या बोलण्यात कधीही पडत नसे.

"राहू द्या तिला," मामी म्हणाली.

मामानं वळून पाहिलं. "तू मध्ये नको पडूस."

"मध्ये नाही पडत. इथं तिचा अभ्यास होत नाही, ते मला दिसतंय, मी घरात असते. आणि ती काही पळून चालली नाही. दर रविवारी येईल ना, चिंगीचं गणित घ्यायला. तिच्याशिवाय चिंगी दहावी पास होणार आहे का?"

दारात चिंगी माझ्याआधी म्हणाली, "नाही होणार, पप्पा." तिला गणितात त्या सहामाहीला काय मिळाले होते ते घरात सगळ्यांना माहीत होतं. ही माझी सपाट जमीन. मी चार दिवस छताकडे बघत शोधत होते, आणि ती रोज संध्याकाळी माझ्यासमोर वही-पेन घेऊन बसत होती.

मामानं चिंगीकडे पाहिलं, टीपॉयवरच्या दोन कपांकडे पाहिलं. मग म्हणाला, "दर रविवारी म्हणजे दर रविवारी. आणि खोली आधी मी बघणार." आणि सरांकडे वळून, अजून घुश्शातच, "आता तरी घ्या चहा." मामीनं तो घेऊ दिला नाही. आत जाऊन ताजा करून आणला. सर तो बशीत ओतून फुर्र करून प्याले आणि त्यांनी विचारलं, "वहिनी, अजून अर्धा कप मिळेल का?"

मी त्यांना त्यांच्या ब्लॉकपर्यंत सोडायला गेले. मला आभार मानायचे होते, पण रडू येत होतं. सर स्वतःवरच रागावले होते. "मी चुकलो," म्हणाले. "इतका वेळ भलत्याच माणसाशी बोलत बसलो. किल्ल्यात कोण आहे ते आधी पाहायला पाहिजे होतं." मग जिन्याच्या पायरीवर उभे राहून त्यांनी सांगितलं: कलब्याचा म्हातारा शेख वारला तेव्हा वारस लहान होता, इंग्रज कागद चाळत बसले होते, शेजारी टपले होते. त्या वेळी शेखाची मुलगी दुसऱ्या गावाहून धावत आली आणि तिनं किल्ल्याचा बंदोबस्त केला. कोणी तिला नेमलं नव्हतं. "मी हे किती वेळा शिकवलंय तुम्हाला," सर म्हणाले, "आणि आज मलाच आठवलं नाही." मी वाकून पाया पडायला गेले तर पटकन दोन पायऱ्या वर चढले. "खजूर आण पुढच्या वेळी," म्हणाले.

दर रविवारी मी मामाकडे गेले. चिंगी पास झाली. मीही झाले, पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या खेपेला, मामानं आणखी एक वर्ष वाढवून दिलं म्हणून, आणि हिशेब खात्यात लागले. कलेक्टर नाही झाले, पण माझ्या पायावर उभी राहिले, माझ्या मनानं लग्न केलं. मामानं माझ्या पेढ्यांचा पुडा आख्ख्या कॉलनीत स्वतः फिरवला. आज माझ्या आयुष्यात जे काही मला बरं वाटतं ते त्या एका दुपारपासून सुरू होतं, आणि ती दुपार मला सरांनी आणि मामीनं मिळून दिली. ज्या राज्याचा पत्ता कोणाला नाही त्याची रीत घेऊन एक माणूस माझ्यासाठी उन्हात कोट घालून आला, याची कृतज्ञता मला कुठं ठेवू ते अजून कळत नाही.

पण सरांना सोडून मी परत आले तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. मामा खाली फिरायला गेला होता. मामी ओट्याशी उभी होती, आणि ते दोन गार चहाचे कप तिच्यासमोर तसेच होते. मी म्हटलं, मामी, मी धुते. ती म्हणाली, "राहू दे." मग कपाकडे बघत म्हणाली, "मी मॅट्रिकला तालुक्यात पहिली आले होते, माहितीये तुला?"

मला माहीत नव्हतं. इतके दिवस तिच्या घरात जेवत होते, मला माहीत नव्हतं.

"अकोल्याला ट्रेनिंग कॉलेजात नाव लागलं होतं माझं. मास्तरीण होणार होते. तेवढ्यात तुझ्या मामाचं स्थळ आलं. बघायला आले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. काका होते, मामा होते, आमचे हेडमास्तरसुद्धा होते, त्यांनीच फॉर्म भरून दिला होता माझा. मी ट्रे घेऊन सगळ्यांसमोर फिरले."

तिनं पहिला कप सिंकमध्ये ओतला.

"सगळ्यांनी चहा घेतला," मामी म्हणाली, आणि नळ सोडला.